कप्तानबाईंविरुद्धचा अर्ज

माणसाचे गाऱ्हाणे आणि सरकारचा कान यांच्यामध्ये जे अंतर असते, त्या अंतरात माझे टेबल आहे. दिल्लीतल्या एका कचेरीच्या फाटकाबाहेर, कडुलिंबाखाली बसून मी लोकांचे अर्ज लिहितो. लोक मला मुंशीजी म्हणतात. नवखे लोक वकीलसाहेब म्हणतात आणि त्यांची चूक दुरुस्त करण्यात मी त्यांचा वेळ दवडत नाही. शिक्षण म्हणाल, तर सरोजिनी नगरातल्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलो, मराठी शाळेत नववीपर्यंत गेलो, आणि पुढे दहावीने मला सोडले की मी दहावीला, याविषयी आमच्या घरात दोन मते होती. परंतु ज्यांच्या नावामागे पदव्यांची रांग लागलेली असते असे गृहस्थही माझ्या टेबलासमोर उभे राहून ‘मुंशीजी, ज़रा ढंग से लिख दीजिए’ म्हणतात, तेव्हा त्या दोन्ही मतांना फारसा अर्थ उरत नाही.

माझ्या कामाची एक रीत आहे. अर्जदार जे सांगेल ते सर्व लिहायचे आणि पदरचे काही घालायचे नाही. प्रत्येक मागणीला तिचा आधार द्यायचा, कारण आधाराशिवाय मागणी म्हणजे पायाशिवाय भिंत. आणि सहीपूर्वी संपूर्ण मजकूर अर्जदाराला मोठ्याने वाचून दाखवायचा. तो ‘बरोबर’ म्हणाला, तरच लेखणी त्याच्या हाती द्यायची. माझ्यापूर्वी त्या झाडाखाली बसणाऱ्या वृद्ध मुंशींनी ही रीत अंगठेबहाद्दरांसाठी घालून दिली होती. मी ती सुटाबुटातल्या माणसांनाही लावतो, कारण न वाचता सही करणाऱ्यांमध्ये साक्षरांचा भरणा अधिक असल्याचे मला आढळून आलेले आहे.

ही रीत मी आकाशातही पाळली, त्याची ही हकीकत.

मानेसरला मोटारींचे सुटे भाग बनवणारे एक कारखानदार माझे जुने अर्जदार आहेत. त्यांच्या फाटकासमोरच्या महामार्गाच्या दुभाजकात एक कट आहे. कट म्हणजे वाहने वळवण्यासाठी ठेवलेली फट. कारखानदारांचे ट्रक त्या फटीतून वळत. अन्य जनतेची वाहने त्या ट्रकांवर आपटत. सबब तो कट बुजवावा, असा निर्णय रस्ते खात्याच्या साहेबांनी घेतला होता. कट बुजला असता, तर ट्रकांना थोडे पुढे जाऊन वळून यावे लागले असते. हा अन्याय कारखानदारांना सहन होण्यासारखा नव्हता. साहेब त्या दिवसांत राजस्थानातल्या एका शहरात रस्ता-सुरक्षेवरील चिंतन शिबिरात बसले होते, आणि चिंतनातून उठून ते सही करून टाकतील अशी बातमी होती. तेव्हा त्यांना तेथेच गाठून निवेदन द्यायचे आणि त्यासाठी छोटे विमान भाड्याने करायचे, असे ठरले. थोडक्यात, ट्रकांचा वळसा वाचवण्यासाठी आम्ही उडणार होतो.

मला सोबत नेण्याचे कारण एवढेच की, साहेबांनी एखादा मुद्दा काढलाच तर निवेदन तेथल्या तेथे नव्याने लिहिता यावे. ‘मुंशीजी, आपके हाथ में बरकत है,’ असे कारखानदार म्हणाले. मी नम्रतेने मान खाली घातली, परंतु नाकारले नाही.

जूनचा महिना होता. सकाळीच निघायचे होते. मी वेळेपूर्वी हजर झालो. भाड्याची विमाने पुरवणाऱ्या त्या लहानशा कंपनीच्या खोलीत एक मॅनेजर, एक सोफा आणि पांढऱ्या सदऱ्यातली एक तरुण मुलगी होती. खांद्यावरच्या पट्ट्या पाहून मी तिला पाणी मागितले नाही, हे माझे भाग्य. मॅनेजर फोनवर कारखानदारांना सांगत होते, ‘सर, बिल्कुल चिंता मत कीजिए, हमारी कैप्टन बहुत समझदार हैं. एक शिकायत के बाद तो और भी समझदार हो गई हैं.’

मुलगी खिडकीकडे तोंड करून मराठीत पुटपुटली, ‘सगळ्या गावाला सांगा.’

मी म्हणालो, ‘त्या गावात मीही आलो, बाई.’

ती दचकून वळली आणि हसली. ‘अय्या, मराठी? सॉरी हं काका.’

ती बार्शीची निघाली. विमान तीच चालवणार होती. मी तिला कप्तानबाई म्हणू लागलो आणि तिने ते चालवून घेतले. तक्रारीचा विषय निघाल्यावर माझ्यातला अर्जनवीस जागा होणे स्वाभाविकच होते. मी विचारले, ‘तक्रार कसली होती?’

‘गेल्या हिवाळ्यात एका पाहुण्यांना धुक्यात नेलं नाही, त्याची. साखरपुड्याला जायचं होतं त्यांना.’

‘मग?’

‘मग काय, धुकं उठलं, गेले, साखरपुडाही झाला. तक्रार तेवढी उठली नाही.’ तिने आवाज खाली आणला. ‘आता दुसरी लेखी तक्रार आली ना काका, की मला डाव्या खुर्चीवरून उठवून उजव्या खुर्चीवर बसवणार. डावी कॅप्टनची असते. एकदा उठवलं की परत कोण बसवतंय? आणि तुमचे हे कारखानदार कंपनीचे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक आहेत.’

मी तिला धीर दिला की, आमचे कारखानदार तोंडाने तापट असले, तरी लेखी काही करायचे झाल्यास माझ्याखेरीज त्यांचे पान हलत नाही. हे ऐकून तिला धीर का आला नाही, ते मला दुपारी कळले.

सकाळ सरली. कप्तानबाई दर थोड्या वेळाने बाहेर जाऊन आकाश पाहून येत. ‘सकाळी हवा झोपलेली असते काका. उन्हं तापली की उठते, आणि उठली की कुणाचं ऐकत नाही. संध्याकाळी आंधीही आहे म्हणतात.’ दिल्लीत राहणाऱ्याला आंधी समजावून सांगावी लागत नाही. इतरांसाठी सांगतो, की ते धुळीचे वादळ असते आणि येताना ते क्षितिजावर तपकिरी भिंतीसारखे उभे राहते.

कारखानदार आले ते सूर्य डोक्यावर आल्यावर. उशिराचे कारण त्यांनी संतापून सांगितले. महामार्गावर प्रचंड जाम होता. कशाचा जाम? तर त्यांच्या फाटकासमोरच्या कटात त्यांचाच एक ट्रक वळता वळता आडवा झाला होता. ज्या कटाच्या रक्षणार्थ आम्ही निघालो होतो, त्याच कटाने आम्हाला अडवले होते. परंतु एवढ्यावरून कटाविषयी त्यांचे मत बदलले नाही. ते म्हणाले, ‘देखा मुंशीजी, यहाँ ट्रैफिक का कितना बुरा हाल है! ये भी डाल दो निवेदन में.’

कप्तानबाईंनी त्यांना अदबीने सांगितले, की आता हवा तापली आहे, हेलकावे बसतील, उद्या पहाटे गेल्यास बरे. कारखानदारांनी मॅनेजरांकडे पाहिले. मॅनेजरांनी कप्तानबाईंकडे पाहिले. कप्तानबाईंनी पुन्हा फोन करून हवामान विचारले आणि म्हणाल्या, ‘अभी जा सकते हैं. लेकिन आगे रास्ता ख़राब मिला, तो मैं वापस मुड़ूँगी, सर. पहले ही बता रही हूँ.’

‘हाँ हाँ, मुड़ना,’ कारखानदार म्हणाले. मुडायचे म्हणजे काय, याचा विचार त्यांनी तेव्हा केला नसावा.

नंतर प्रत्येकाचे वजन विचारण्यात आले. लहान विमानात माणसे मानाने बसत नाहीत, वजनाने बसतात. कारखानदारांनी स्वतःचे वजन असे सांगितले, की त्यांच्या विवाहाच्या वेळी ते तेवढे असावे. कप्तानबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिले, कागदावर वेगळाच आकडा लिहिला आणि मला पुढे आपल्या शेजारी, त्या उजव्या खुर्चीवर बसवले. मागे कारखानदार आणि त्यांच्या शेजारी साहेबांसाठी घेतलेला काजूकतलीचा भला थोरला डबा. सर्वांच्या कानांवर बोलण्याऐकण्याची यंत्रे चढवली गेली. दोन पंख्यांच्या त्या गोंगाटात एकमेकांचे शब्द ऐकू येण्याचा तोच मार्ग होता. त्यामुळे तिघांपैकी कोणीही काहीही बोलले, तरी ते तिघांच्याही कानांत पडे. या व्यवस्थेचे महत्त्व पुढे कळेल.

आरंभीची काही मिनिटे मी भूमंडळाचे निरीक्षण केले. वरून दिल्ली फार नीटनेटकी दिसते. याचे कारण एवढेच असावे, की वरून माणसे दिसत नाहीत. गुरुग्रामच्या काचेच्या इमारती गेल्या आणि मानेसरचे निळे पत्रे दिसू लागले. कारखानदारांनी आनंदाने मला मागून ठोसा दिला. ‘मुंशीजी, वो देखो! अपना कट!’ आणि तो नीट दिसावा म्हणून त्यांनी कमरेचा पट्टा सोडला.

‘सर, बेल्ट,’ कप्तानबाई म्हणाल्या.

‘एक मिनट, मैडम.’

ते मिनिट पुरे झाले नाही. कोणीतरी खालून विमानाला लाथ मारावी तसे झाले. मी खुर्चीसकट वर गेलो. माझे पोट मागाहून आले. मागे एक पोकळ आवाज झाला, तो कारखानदारांचे मस्तक छताला लागल्याचा होता. काजूकतलीच्या डब्याचे झाकण उडाले, आणि चांदीचा वर्ख लावलेल्या त्या वड्या क्षणभर आमच्या डोक्यांभोवती तरंगल्या. मग सर्व काही खाली आले. काही कतल्या छताला चिकटून राहिल्या, तेवढ्याच काय त्या उच्चपदावर टिकल्या.

‘बेल्ट लावा! लगाइए, सर! अभी!’ कप्तानबाईंनी प्रथमच आवाज चढवला. मी माझा पट्टा इतका आवळला, की पुढचा श्वास अर्ज करून मागावा लागला असता.

अरवलीच्या टेकड्या खाली तव्यासारख्या तापल्या होत्या, आणि त्या तव्यावरून उठणारी हवा आम्हाला उडवत होती. समोर, जिकडे आम्हाला जायचे होते, तिकडे काळपट ढगांची रास उभी होती आणि तिच्या पायाशी ती तपकिरी भिंत. संध्याकाळची आंधी दुपारीच आली होती. दिल्लीत तेवढी एकच गोष्ट वेळेआधी येते. कप्तानबाईंनी पंख्यांचा जोर कमी केला. मला ते विपरीत वाटले. संकटातून लवकर सुटावे, एवढी साधी अक्कल मलाही आहे.

मी विचारले, ‘बाई, हळू कशाला? पळवा की.’

‘खड्ड्यांच्या रस्त्यावर गाडी पळवता का काका? मोडेल ना.’ त्यांचे डोळे समोरच्या तबकड्यांवर होते. ‘उंची वर-खाली होऊ द्यायची, तिच्यामागं धावायचं नाही. नाक आणि पंख तेवढे सरळ ठेवायचे. तुम्ही हात मांडीवर ठेवा, कशाला धरू नका. ते माझं हँडल आहे.’

मी हात काढला. ते हँडल मी कधी धरले, ते मला आठवत नाही.

त्यांनी नियंत्रण कक्षाशी इंग्रजीत काही बोलणे केले आणि विमान हळूहळू वळू लागले. मागच्या बाजूस हे तत्काळ लक्षात आले. ‘ये किधर? मैडम, सीधा चलो! साहब साइन कर देंगे!’

‘नहीं जा सकते, सर. वापस जा रहे हैं.’

‘मैं बोल रहा हूँ ना, चलो! पैसा मैं दे रहा हूँ कि मौसम दे रहा है?’

असे त्यांनी पुन्हापुन्हा सांगितले. कप्तानबाईंनी पुन्हापुन्हा नकार दिला. मग लावलेला पट्टा कारखानदारांनी रागाने सोडला, अर्धवट उठून पुढे वाकले आणि कप्तानबाईंचा खांदा धरून हलवला. विमान त्याच क्षणी एका अंगावर पडले. मला माझ्या बाजूच्या खिडकीतून आकाशाऐवजी सरळ खाली जमीन दिसली. कप्तानबाईंनी खांदा झटकला, विमान सावरले, आणि कारखानदार आपल्या जागी, म्हणजे बरेचसे काजूकतलीवर, जाऊन आदळले.

‘पट्टा लावायला सांगा त्यांना, काका,’ कप्तानबाई मराठीत म्हणाल्या. आवाज अगदी सपाट होता. ‘माझं ऐकत नाहीयेत. तुमचं ऐकतील.’

मी मान वळवून, कचेरीच्या दारात लोकांना रांगेत उभे करताना वापरतो तो आवाज काढला. ‘साहब, बेल्ट. वरना मैं आज के बाद आपका एक अक्षर नहीं लिखूँगा.’ धमकी लागू पडली. पट्ट्याचा खटका ऐकू आला. मात्र त्या धमकीने त्यांना भलतीच आठवण करून दिली.

‘लिखो!’ ते गरजले. ‘अभी लिखो मुंशीजी! सेवा में, श्रीमान प्रबंधक महोदय. इस मैडम के ख़िलाफ़!’

‘साहब, उतरकर—’

‘नहीं! गरम-गरम लिखो.’

वाचकहो, अर्जदाराने सांगावे आणि अर्जनवीसाने लिहू नये, असे माझ्या हातून कधी झालेले नाही. मी कागद काढला. कप्तानबाईंनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून ते पाहिले.

‘लिहिताय?’

‘लिहिणे भाग आहे, बाई. धंदा आहे.’

‘छान,’ त्या म्हणाल्या. ‘माझाही धंदाच चाललाय इथे.’

ते उत्तर मला लागले, परंतु लेखणी थांबली नाही. कारखानदार मागून सांगत गेले, मी पुढे लिहीत गेलो, आणि कानांवरच्या त्या व्यवस्थेमुळे ज्यांच्याविरुद्ध अर्ज चालला होता, त्या विमान हाकता हाकता तो ऐकत राहिल्या. अशी सोय कोणत्याही न्यायालयात नाही.

‘लिखो, जहाज़ देर से उड़ा.’

‘सर, आप देर से आए थे,’ कप्तानबाई म्हणाल्या.

‘तो लिखो, मेरे आने के बाद उड़ा! बेल्ट-बेल्ट करती रहीं, मैंने अपनी मर्ज़ी से खोला. आगे ज़रा-सा तूफ़ान था, मैंने बार-बार कहा कि सीधे चलो, नहीं मानीं. मैंने खड़े होकर, कंधा पकड़कर समझाया, तब भी नहीं मानीं. सिर छत से लगा. मिठाई गई. पायलट को हटाया जाए.’

प्रत्येक धक्क्यासरशी माझी अक्षरे शिरोरेषा सोडून उडत होती. ‘प्रार्थी’, म्हणजे अर्जदार, या शब्दाची वेलांटी शेजारच्या ओळीत जाऊन पडली. एकदा लेखणीचे टोक कागद भेदून मांडीला लागले. तरीही मी आधारांना अनुक्रम दिला, कारण अनुक्रमाशिवायचा अर्ज मला जमिनीवरही पाहवत नाही.

‘क्या बातें करते हो आप दोनों मराठी में?’ कारखानदारांना संशय आला.

‘मौसम की चर्चा, साहब.’

आणि मग खरोखरच हवामानाखेरीज दुसरा विषय उरला नाही. धूळ आमच्या आधी दिल्लीकडे निघाली होती. खालचे रस्ते, पत्रे, शेते, सर्व पुसले गेले. पिवळ्या अंधारात काच तेवढी दिसत होती आणि काचेवर वाळूचा सडा पडल्याचा आवाज येत होता. विमान वर फेकले जाई, खाली सोडले जाई, मध्येच कूस बदलू पाही. कोठेतरी काहीतरी करकरले. मी देवाची प्रार्थना करायला घेतली, पण सवयीने मनात ‘सेवा में’ असे आले आणि पुढे कोणते पद लिहावे, हे सुचेना. वाऱ्याचे खाते वेगळे आणि पृथ्वीचे वेगळे, आणि आम्ही त्या वेळी कोणाच्या हद्दीत होतो, हे सांगणे कठीण होते. मी आजवर किती जणांना ‘अर्ज योग्य ठिकाणी पोहोचेल, काळजी नसावी’ असे सांगितले होते! मला त्या क्षणी कोणी तसे सांगितले असते, तर मी त्याचे काजूकतलीने तोंड भरले असते.

मागून मजकूर येणे बंद झाले होते. बऱ्याच वेळाने कारखानदारांचा आवाज आला. तो मी प्रथम ओळखला नाही, कारण त्यात हुकूम नव्हता.

‘मुंशीजी... यहाँ से घर पे फ़ोन लगेगा क्या?’

मी काही बोलण्याआधी कप्तानबाई म्हणाल्या, ‘लगेगा सर, उतरकर. मैं उतार रही हूँ आपको. बस बेल्ट मत खोलिए.’

मी कप्तानबाईंच्या हातांकडे पाहत राहिलो. मला वाटले होते, की अशा वेळी माणूस हँडलशी झोंबत असेल. त्यांचे हात तान्ह्या मुलाला न्हाऊ घालणाऱ्या बाईसारखे होते. निसटू देत नव्हते आणि आवळतही नव्हते. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता. तो पुसायला त्यांना हात मोकळा नव्हता आणि मला तेवढे धैर्य नव्हते.

धूळ जरा फाटली आणि धावपट्टी दिसली, परंतु भलत्याच बाजूला. आमचे नाक एकीकडे आणि आम्ही सरकत होतो दुसरीकडे. मला राहवले नाही. ‘बाई, पट्टी तिकडे राहिली!’

‘माहितेय काका. वारा इकडून आहे.’

अगदी शेवटच्या क्षणी त्यांनी नाक सरळ केले, एक चाक टेकले, मग दुसरे, आणि विमान खडखडत पुढे जाऊन मुकाट झाले. कोणीही टाळी वाजवली नाही. कप्तानबाईंनी एकामागून एक खटके बंद केले आणि नंतर दोन्ही हात मांडीवर उलटे टाकले.

कंपनीच्या खोलीत मॅनेजर पाण्याच्या बाटल्या घेऊन उभेच होते. कारखानदारांच्या कपाळावर टेंगूळ आले होते आणि सुटाच्या मागच्या बाजूस चांदीचा वर्ख लागला होता. जमीन पायाखाली येताच त्यांच्यात हुकूमही परतला. ‘मुंशीजी, वो काग़ज़ दो इनको. साइन करता हूँ.’

मॅनेजरांनी हात पुढे केला. कप्तानबाई भिंतीशी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

मी म्हणालो, ‘साहब, पहले पढ़कर सुनाऊँगा. मेरे यहाँ ऐसे ही होता है.’

‘अरे, मैंने ही तो बोला है!’

‘इसीलिए.’

आणि मी रीतसर वाचू लागलो. प्रार्थी दिल्लीहून विमानात बसला. विमान प्रार्थीच्या आगमनानंतर उडाले. सूचना असूनही प्रार्थीने पट्टा सोडला. प्रार्थीचे मस्तक छतास लागले. पुढे वादळ होते. प्रार्थीने वारंवार वादळात नेण्याचा आदेश दिला. वैमानिकेने तो मानला नाही. प्रार्थीने पट्टा पुन्हा सोडून, उभे राहून, विमान चालवत असलेल्या वैमानिकेचा खांदा धरून हलवला—

‘एक मिनट,’ मॅनेजर म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. ‘सर, ये... कंधे वाली बात? ये लिखित में मत दीजिए. उड़ान में पायलट को हाथ लगाना, सर, केस बन जाता है. आप पर.’

कारखानदारांनी माझ्याकडे पाहिले. ‘तो वो काट दो.’

‘काटता हूँ,’ मी म्हणालो आणि रेघ मारली. ‘लेकिन साहब, फिर आप खड़े क्यों हुए थे?’

‘खड़ा होना भी काट दो.’

‘फिर सिर छत से कैसे लगा? बेल्ट में बैठे आदमी का तो लगता नहीं. मेरा नहीं लगा.’

मॅनेजर घाईने म्हणाले, ‘सिर भी रहने दीजिए, सर.’

‘और तूफ़ान में ले जाने का आदेश?’

कारखानदारांनी बोटाने हवेतच काट मारली. मी रेघ मारली. आधार एकेक करून गेले, आणि माझ्या रीतीप्रमाणे उरलेला मजकूर मी पुन्हा आरंभापासून वाचून दाखवला. तो असा होता: प्रार्थी दिल्लीहून विमानात बसला. वाटेत वादळ आले. प्रार्थी दिल्लीस सुखरूप परत आला. मिठाई खराब झाली. सबब वैमानिकेस पदावरून दूर करण्यात यावे.

खोलीत कोणी हसले नाही. कप्तानबाईंनी मात्र तोंड भिंतीकडे फिरवले.

‘सही है ना, साहब?’ मी विचारले. माझा प्रश्न प्रामाणिक होता. तो मी प्रत्येकालाच विचारतो.

हार मानणे कारखानदारांच्या स्वभावात नाही. त्यांनी माझ्या हातून लेखणी ओढून घेतली, कागद टेबलावर ठेवला आणि सही करायला वाकले. लेखणीचे टोक कागदाला टेकताच सरकू लागले. त्यांनी दुसऱ्या हाताने मनगट धरले. तरी जी काही रेघ उमटली, ती पाल कागदावरून पळून गेल्यासारखी दिसत होती. त्यांची सही मी शेकडो अर्जांवर पाहिलेली आहे. रुबाबदार, खाली दुहेरी रेघ असलेली.

‘ये मेरा साइन नहीं है,’ ते हळूच म्हणाले.

त्यांनी लेखणी टेबलावर ठेवली, फोन काढला आणि खिडकीशी जाऊन घरी बोलले. काय बोलले ते ऐकू आले नाही. बाहेर आंधी पत्र्यांवर आदळत होती. मॅनेजर तो कागद घ्यावा की न घ्यावा, अशा विचारात हात अर्धा पुढे करून उभे होते. मी तो घडी करून त्यांच्या हाताच्या टप्प्यापासून दूर सरकवला. ज्या अर्जावरच्या सहीला तिचा धनीच ओळखत नाही, तो अर्ज दाखल होत नाही, असे मी त्यांना समजावले. त्यांनी मान डोलावली. नियम आहे म्हटले, की त्या माणसाला बरे वाटत असे.

कारखानदार खिडकीपासून वळले. ‘साहब परसों तक हैं वहाँ,’ ते मॅनेजरांना म्हणाले. ‘कल जाना पड़ेगा.’

‘बिल्कुल, सर! दूसरा पायलट दे देता हूँ, हमारे सबसे सीनियर—’

‘नहीं.’ त्यांनी टेंगळावरून हात फिरवला. ‘यही मैडम चलेंगी. इन्हीं के साथ जाऊँगा.’ मग कप्तानबाईंकडे न पाहता विचारले, ‘सुबह कितने बजे आऊँ?’

मॅनेजरांनी पुन्हा ‘बिल्कुल’ म्हणायला तोंड उघडले. कप्तानबाई भिंतीपासून पुढे आल्या, पाण्याची बाटली उचलून अर्धी रिकामी केली आणि बाहीने तोंड पुसले.

‘आप सूरज निकलने से पहले आ जाइए, सर,’ त्या म्हणाल्या. ‘जाएँगे कि नहीं, वो मैं हवा देखकर बताऊँगी.’

मॅनेजर घाबरून कारखानदारांच्या तोंडाकडे पाहू लागले. कारखानदारांनी मान हलवली.

‘ठीक है,’ ते म्हणाले. ‘देखकर बताना.’